वरून दुसरी ओळ

मंगळवार, १० जून २०२५. सकाळी ७:४०
प्रकाशा. चुनीलालकाकांच्या सेवा केंद्रात एकटा बसून बूटलोडर अपडेट करत आहे. काकांना काल पुन्हा समजावलं: कॉम्प्युटर सुरू होताना कोणती सिस्टीम उघडू, असं विचारणारी यादी म्हणजे बूटलोडर. आमच्याकडे तीन आहेत. विंडोज, जुनं लिनक्स, नवं लिनक्स. केंद्राचं काम विंडोजवर चालतं. बाकी दोन माझ्या आग्रहाने.

यादीतली नावं मी शुद्ध मराठीत केली. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. ती यादी देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दाखवते, हा यादीचा दोष. काकांनी विंडोज पाठ केलं आहे: वरून दुसरी ओळ. पुरेसं आहे.

दहा मिनिटांचं काम.

११:१५
अपडेट यशस्वी. फक्त क्रम बदलला. तीन ओळींच्या पाच झाल्या. पाचही प्रश्नचिन्हांच्या. काकांनी सवयीने दुसरी दाबली, भलतंच उघडलं. समोर अंगठा द्यायला आलेले नऊ जण. काका म्हणाले, "हाई काय करी ठेवं रे? आते कोनतं दाबू?" रांगेतल्या सरलाबाई म्हणाल्या, "इतला प्रश्न तं पोलीसबी नही इचारतस." सगळे हसले. अशा लोकांसाठी काम करायचं.

बुधवार, ११ जून
निश्चय: जादा दोन ओळी काढणे. सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून मोजून काढल्या. वरून मोजल्या. खालून मोजायला हव्या होत्या. विंडोजची ओळ गेली. विंडोज आत सुखरूप आहे, फक्त त्याच्याकडे जायला वाट नाही. काकांना हा फरक कळत नाही.

भाविकाचा नर्सिंगचा फॉर्म याच कॉम्प्युटरवर अर्धा भरलेला आहे. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. चुकली तर बहिणीचं वर्ष जाईल. पण चुकणार नाही. तिने विचारलं, फुरकानभाईकडे मोबाइलवर भरू का? स्पष्ट नाही म्हणालो. फुरकानच्या मोबाइलच्या दुकानाच्या पाटीवर 'दुरूस्ती' लिहिलं आहे, रू दीर्घ. घरात कॉम्प्युटरचा माणूस असताना बाहेर जायचं नसतं. आई काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

गुरुवार, १२ जून. दुपार
शहाद्याहून पेनड्राइव्ह आणला. त्यावरून बूटलोडर नव्याने बसवला. डिस्क चुकीची निवडली गेली. दोन डिस्कच्या नावांत एकाच अक्षराचा फरक ठेवणाऱ्याने विचार करायला हवा होता. आता काळ्या पडद्यावर एकच शब्द आहे आणि लुकलुकणारी रेघ.
सुधारणा आहे. प्रश्नचिन्हं गेली.

शुक्रवार, १३ जून. ४:२०
अजून चाळीस मिनिटं. शांत आहे. भाविका एकदाही विचारायला आली नाही. विश्वास म्हणतात तो हा.

४:५१
काका म्हणाले, "सोड ना भो, मरी गयं ते." सोडलं नाही.

५:००
रेघ लुकलुकते आहे.

संध्याकाळी ७
भाविकाला समोर बसवलं. सांगितलं, दोष माझा नाही, एक वर्ष म्हणजे फार नाही, अभ्यास आणखी पक्का होईल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, फॉर्म तं बुधवारेच भराई गया. फुरकानभाईकडे. तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."
आईला माहीत होतं. काकांनाही. प्रिंट दोन दिवस देव्हाऱ्यात होती. मी रोज तिथे हात जोडले.
फॉर्म मागून घेतला. चूक शोधली. पुन्हा शोधली. नाही.

शनिवार, १४ जून
सकाळी काकांनी फुरकानला बोलावलं. चहा निवायच्या आत विंडोज सुरू. दोन्ही लिनक्स पुसली. मला विचारलं नाही. सोमवारपासून मी झेरॉक्सवर. तिथे एकच बटण आहे, असं काका सर्वांदेखत म्हणाले.

खर्च: पेनड्राइव्ह ३८०. शहादा जाणं-येणं ७०.
देणं: काकांचं चार दिवसांचं बुडालेलं काम. आकडा ते सांगत नाहीत. भाविकाने फॉर्म भरायला फुरकानला दिलेले ५०. ती नको म्हणते.
फुरकानला मी स्वतः विचारलं, किती झाले. म्हणाला, "भाई, तेरे से क्या लेना."
फुरकान: ०. लिहिलं. खोडलं. जागा रिकामी ठेवली आहे.