उलट्या काठाची टोपली

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समजा, कंबर ऐकत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, उपयोगाचे नाहीत.

पत्राचं कारण, मी संग्रहालयात जाऊन आले. मरायच्या आधीच. नात तिथे कामाला लागली आहे. आपल्या लोकांच्या जुन्या टोपल्या जमवून त्यांनी एका गार खोलीत मांडल्यात. हातमोजे घालून उचलतात. (आपण त्यांत कोंबड्या कोंडायचो, हे मी बोलले नाही.) प्रत्येक टोपलीला चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच, विणणारी माहीत नाही. विकत घेताना जन्मात कोणी नाव विचारलं नाही, आता कपाटात ठेवल्यावर आठवण झाली. ती नावं सांगायला मला नेलं होतं. दिवसभर काठ बघून सांगत बसले, ही मावशीची, ही चुलतसासूंची, ही कुणातरी आळशी बाईची. चहा मात्र खोलीबाहेर, टोपल्यांना बाधतो म्हणे.

मग तिथल्या बाईंनी एक वेगळी जपलेली टोपली आणली. काठ उलटा, डावीकडे वळलेला. ही आपल्या समाजाची दुर्मीळ पद्धत म्हणे, त्यावर बाईंनी चाळीस पानं लिहिली आहेत. मी बघताक्षणी ओळखली. सासूबाई तुमच्या डाव्या हातावर बांबूच्या कांबीने मारायच्या, घरात उलटं काम नको म्हणून, आणि मी शेजारी बसून हसायचे. त्या हातावर चाळीस पानं निघाली.

"आजी, ही कुणाची?" बाईंनी विचारलं. सकाळपासून दुसऱ्यांचीच नावं सांगून दमले होते. माझी एकही टोपली तिथे निघाली नव्हती. म्हणाले, माझी.

आता मंगळवारी आठ मुलींना तो काठ शिकवायचाय, व्हिडिओ काढणार आहेत. तीन दिवस टोपली घेऊन बसतेय. मनगट सुजलं, काठ काही डावीकडे वळत नाही. नात मनगटाला हळद लावून देते आणि माझ्या उजव्या हाताकडे बघते. रागावली असती तर परवडलं असतं.

बाकी ठीक. जपून असा.

तुमची धाकटी

ता. क. सोमवारच्या गाडीने या. तुम्हीच शिकवा. माझं मनगट दुखतंय म्हणून तुम्हाला बसवलं, असं सांगेन.

आणखी ता. क. तेही चालायचं नाही, मुलींना डोळे आहेत. तुमचंच नाव पडू दे. माझ्या नावाची चिठ्ठी मी बघून ठेवलीय, अजून पेन्सिलीनेच लिहिलेली आहे. येताना खोडरबर आणा. इथे मागितला तर कशाला म्हणून विचारतील.