शार्दूलच्या गाडीला नवीन अपडेट

३ फेब्रुवारी
कार्ब्युरेटर बसला एकदाचा!
शार्दूलच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर तसाच आहे, आणि त्यात तो छळवादी खेळ. एक मोडकी गाडी नट-नट करून जोडायची, मग चालवायची. चालवताना मेलात तर सगळं पुसलं जातं — पुन्हा रिकामं गॅरेज. काय हौस!
इथल्या सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधली नोकरी सोडून आमचा पोट्टा असलेच खेळ बनवायला बंगळुरूला गेला. मी म्हटलं होतं, "जा, पण मले तोंड दाखवू नको." त्याने ते मनावर घेतलं. फोन येतो तो त्याच्या आईला, वनमालालाच.

११ फेब्रुवारी
काल डाव्या चाकाचे नट माझ्याकडून ढिले राहिले होते. आज उघडलं तर घट्ट!
खेळाचं खातं एकच ना. तिकडे तो खेळतो, इकडे मी, गाडी तीच. म्हणजे त्याचा हात फिरून गेला होता. मी उगाच त्या चाकाकडे बघत बसलो.

१२ फेब्रुवारी
त्याने वनमालाला फोनवर त्याच्या नेहमीच्या हिंदीत विचारलं म्हणे, "आई, दोपहर को मेरी गाडी कौन खोलता है?"
ही म्हणाली, "मले काय मालूम बा!" वरून हसते!

१९ फेब्रुवारी
त्याने रेडिएटरमध्ये पाणी भरून ठेवलं. मी बॅटरी चार्जिंगला लावली. बोलणं काही नाही. पण तेवढ्यावर दिवस जातो.
संध्याकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर शेजारचे अनंतराव भेटले. "काहून हो सुधाकरराव, एकटेच हसून राहिले?" काय सांगणार!

२४ फेब्रुवारी
नवीन अपडेट आलं. आता धक्क्यांनी नट आपोआप ढिले होतात, ब्रेकचं तेल झिरपतं, थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही. माणसाला छळायचं तरी किती! खाली बारीक अक्षरात अजून पानभर होतं, ते कोण वाचतो.
खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नट ढिले होत राहिले तर तो रोज येईल.

२ मार्च
सुरू झाली! त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. पण राहवलं नाही. म्हटलं, एक चक्कर मारू. वळणावर झाड आलं आणि मेलो.
पडद्यावर आलं, 'सीट बेल्ट लावला नव्हता.' अपडेटनंतर तो आपला आपण लावावा लागतो. ते त्या बारीक अक्षरांत होतं.
सगळं पुसलं गेलं. त्याची दोन वर्षांची मेहनत, त्याने कसलेले नट, सगळं. आता तो कशाला येईल?

३ मार्च
सकाळी फोन वाजला. माझा!
"बाबा, बेल्ट क्यों नहीं लगाया?"
ओरडत होता नुसता — थेट माझ्यासारखा. मी हव, हव करत राहिलो. मनात म्हणत होतो, फोन ठेवू नको रे, अजून ओरड.