आप्पा, धुण्याचं मशीन पुन्हा सुरू झालं

उचगाव,
रविवार दुपार

प्रिय आप्पा,

मशीन चालू झालं. तुम्ही गेल्यापासून ते पहिल्यांदाच बंद पडलं, आणि पहिल्यांदाच मी ते एकटीनं उघडलं. एवढंच कळवायला लिहितेय, असं मनाला सांगून कागद घेतला खरा. पण खरं कारण ते नाही. मशीनपाशी बसले असताना आई एक गोष्ट बोलली. ती ऐकल्यावर तुमच्याशी बोलल्याशिवाय मला वारणानगरला परत जाता यायचं नाही. उद्या कारखान्यात सकाळची ड्यूटी आहे, म्हणून आजच लिहिते.

आधी मशीनचं सांगते. तुम्ही तेच आधी विचारलं असतं, "आवाज कसला करत हुतं?" तर गुंऽ गुंऽ करत होतं आणि फिरत नव्हतं. आई म्हणाली, "म्हशीवानी हंबरतंय नुसतं, जागचं हलंना." मी प्लग काढला, मागचा पत्रा खोलला, पट्टा उतरवला. मोटर हातानं फिरवली तर मोकळी फिरली. म्हणजे बेरिंग ठीक. राहिला मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर. त्यात साठलेला करंट तुम्ही दाखवला होता तसा आधी उतरवला आणि मगच हात लावला. वरून फुगला होता. नवा घालून बटण दाबलं आणि मशीन फिरलं! आईनं लगेच चादरी आणून टाकल्या. माझं कौतुक वगैरे काही नाही.

ते घरात आलं तो दिवस आठवतो का हो? मी दहावीत होते. ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात तुम्ही पाण्याच्या जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायला गेलता. तिथल्या म्हाताऱ्या बाईंच्या मुलानं कधीकाळी परदेशातून आणलेलं हे धूड व्हरांड्यात पडून होतं. "न्या पावणं, अडगळ तरी जाईल," म्हणाल्या. टेंपोतून उतरवायला चार माणसं लागली. पांढरा जाड पत्रा, आत एकच टाकी, आणि वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. तीन रविवार तुम्ही त्याच्यापुढं मांडी घालून बसलात. मोटर नव्यानं भरली, पट्टा पिठाच्या गिरणीचा बसवला. पहिल्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बायका बघायला आल्या, आणि त्या रुळांनी तुमच्याच शर्टाची चार बटणं कडाकडा फोडली! आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला एवढं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

हे सगळं तुम्ही तिच्यासाठी केलं होतं. पुढं जे बोलणार आहे, त्याआधी हे लिहून ठेवते. हातानं धुणं धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडायच्या, भाकरी थापताना मीठ झोंबायचं. तुम्ही तोंडानं कधी काही बोलला नाहीत, पण मशीन आणलंत.

आणि तरीही, आप्पा, तिचं ऐकायला नको होतं का?

मशीन येऊन दोनेक वर्षं झाली होती. एकदा तुम्ही जेवत होता. तिनं भाकरी वाढता वाढता सांगितलं, "अवो, त्या मशीनला वला हात लावला की झिणझिण्या येत्यात." तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. म्हणालात, "मी बसवलंय ते. तुझ्या मनाचं हाय समदं." सगळ्या उचगावच्या मोटरी तुमच्या दुकानात यायच्या. एखाद्या गिऱ्हाइकानं हेच सांगितलं असतं तर तुम्ही तोंडातला घास टाकून धावला असता. आई मात्र तुमचं गिऱ्हाईक नव्हती.

ती तशीच धुणं धूत राहिली. चार-पाच दिवसांनी सकाळी न्हाणीतून बादली पडल्याचा आवाज आला. मी घरातच होते. जाऊन बघते तर आई अनवाणी, ओल्या फरशीवर, हात मशीनला चिकटलेला आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. मी प्लग ओढला. ती कोसळली आणि डोकं दगडावर आपटलं.

दवाखान्यात तुम्ही दुकानातूनच आलात, हाताला वॉर्निश तसंच. दारात मामा होते, काका होते. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची, इलेक्ट्रिकलची पोर, सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले, "तुमच्या हातानं मरत होती ती! सांगितलेलं की न्हाय तिनं तुम्हाला?"

काका माझ्यावर ओरडले. तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत आणि एवढंच म्हणालात, "व्हय."

तो "व्हय" आजही माझ्या कानात आहे.

आई वाचली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र तेव्हापासून बधिर झाली. ती घरी आल्यावर मला वाटलं तुम्ही मशीन भंगारात घालणार. तुम्ही ते अंगणात ओढून आणलंत, पार सुटं केलंत आणि मला हाक मारलीत. पत्र्याच्या भोकातून मोटरची वायर आत जाते तिथलं रबर झिजून गेलं होतं. रोजच्या थरथरीनं वायर पत्र्याच्या धारेवर घासली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. तुम्ही ते मला दाखवलंत. मग प्लग उघडून दाखवलात. घरातला बोर्ड दोन पिनांचा, म्हणून अर्थिंगची तार तुम्ही कापून गुंडाळून ठेवली होती. पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. वाट मिळाली ती आईच्या अंगातून.

"ही चूक शिकाऊ पोरगं बी करत न्हाय," तुम्ही म्हणालात. कुणाला म्हणालात, मला कळलं नाही.

मग परसात खड्डा खणलात. तांब्याची पट्टी उभी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं भरलं, तिथून तार काढून तीन पिनांचा नवा बोर्ड बसवला. सगळं झाल्यावर टेस्ट लँप माझ्या हातात दिलात. "तू तपास. तू चालू कर म्हणशील तवाच करायचं." मी रागातच होते. तीनदा तपासलं. तुम्ही बाजूला उभे राहून बघत होता. चाळीस वर्षं मोटरी भरणारा माणूस माझ्या होकाराची वाट बघत होता, आणि मी मुद्दाम वेळ लावत होते. त्याची आता लाज वाटते.

त्यानंतर तुम्ही ज्या ज्या घरी मशीन नाहीतर मोटर बसवली होती, त्या त्या घरी सायकलवर गेलात. पार राधानगरीच्या वाटेवरच्या वस्तीपर्यंत. "बोलावलं न्हवतं की तुम्हाला," लोक म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, "माझं काम ऱ्हायलंय हितं."

आणि रोज सकाळी आई कपडे घेऊन यायच्या आत तुम्ही स्वतः न्हाणीत जायचा, बटण दाबायचा आणि पत्र्याला हाताची पालथी बाजू लावायचा. मी एकदा विचारलं होतं, पालथी का? "तळवा लावला की करंट हात धरून ठेवतो. पालथा असला की हात मागं फेकला जातो." शेवटच्या दिवसापर्यंत हे चुकलं नाही. त्या दिवशीही हात लावून, डबा घेऊन दुकानात गेलात. दुपारी शेजारच्या लेथवाल्याचा फोन आला. खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, म्हणाले.

आपण सात वर्षं एका घरात राहिलो आणि त्या दवाखान्यातल्या बोलण्यावर एक शब्दही काढला नाही. मी ते परत घेतलं नाही, कारण मला वाटायचं, आधी तुम्ही आईची माफी मागायला हवी. काल चादरी धुऊन निघाल्यावर मागच्या पत्र्याचे स्क्रू पुन्हा आवळता आवळता तेच तोंडातून गेलं. म्हणाले, "एवढं समदं केलं आप्पांनी, पण तुझी माफी काय मागितली न्हाय."

आई चादर झटकत होती. म्हणाली, "मागितली की."

"कधी?"

"दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी. तू डबा आणायला गेलतीस. माझ्या पायावर डोकं ठेवून रडलं. मला कसंतरीच झालं बग. पर तुला सांगू नगं म्हणालं."

"का?"

"म्हणालं, तिचा राग ऱ्हाऊ दे. जलमभर करंटमधीच काम करायचंय तिला. माझ्यावरचा राग असला तर हयगय करायची न्हाय ती."

आप्पा! असं कुणी करतं का? सात वर्षं माझा राग अंगावर घेऊन हिंडलात, आणि मला वाटत राहिलं की तुमच्या अहंकारानं तुमचं तोंड बंद आहे!

पण आई तिथं थांबली नाही. चादर दोरीवर टाकली, चिमटा लावला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुझंबी मी त्यास्नी कधी सांगितलं न्हाय."

मला काय ते लगेच कळलं. कारण मी ते विसरले नव्हते. एक दिवसही विसरले नव्हते.

तुम्हाला सांगायच्या आदल्या दिवशी आई माझ्याकडं आली होती. परीक्षा जवळ होती, मी पुढच्या सोप्यात वाचत बसले होते. तिनं विचारलं, "सुमन, मशीनला हात लावला की झिणझिण्या येत्यात, का गं?" मी म्हणाले, "चप्पल घाल आणि धू. मला वाचू दे." आणि आप्पा, माझ्या मांडीवर अर्थिंगचाच धडा उघडा होता. आकृतीसकट पाठ करत होते मी. खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी, सगळं.

माझ्याकडून काही मिळालं नाही म्हणून ती तुमच्याकडं आली. दवाखान्यात मी तुमच्यावर ओरडले, ते स्वतःचं ऐकू येऊ नये म्हणून. तुम्ही "व्हय" म्हणालात आणि माझ्याही वाटणीचं घेतलंत. तुम्हाला ते माहीतही नव्हतं.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. रोज संधी होती. तुम्ही न्हाणीच्या दारात उभे असायचा, चार पावलांवर. मला माफ करा, आप्पा.

तुम्ही आईची माफी दुसऱ्याच दिवशी मागितलीत. मी अजून मागितलेली नाही. कालही नुसती उठून आत गेले. ती आता बाहेर दोरीवरच्या कालच्या चादरी काढतेय. हे पत्र घडी घालून ठेवते आणि तिच्याकडं जाते. तिथं जाऊन पुन्हा मशीनचंच काहीतरी बोलत बसणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची,
सुमन