कोऱ्या घागरीची जंगलसफर

आकुर्डी, चैत्र वद्य दशमी

तीर्थरूप आक्काबाई आत्याबाई यांच्या पायांशी ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उकडून निघालो असलो तरी खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि तांबडी गाय कशी आहे ते कळवावे. पत्र वाचून दाखवण्याची तसदी नेहमीप्रमाणे चुलतबंधू उद्धवराव घेतील, त्यांनाही नमस्कार. (उद्धवराव, कंसातला मजकूर तुमच्यापुरता. तो मनातच वाचा.)

आधी तुमच्या काळजीचं सांगतो. दादा गेल्यावर यंदाच्या अक्षय्यतृतीयेला त्यांच्या नावाने पहिल्यांदा घागर भरायची, म्हणून तुम्ही गावच्या कुंभाराकडून घेऊन पाठवलेली कोरी घागर सुखरूप आहे. रोज नवं पाणी भरून मुरवतो आहे. सणाआधी तिच्यातला थेंब कुणाच्या ओठाला लागू द्यायचा नाही, दादांनी हा नियम जन्मात पाळला नाही आणि दरसाल तुमची बोलणी खाल्ली, निदान मी तरी पाळावा, असं तुम्ही बजावलं होतं. तो मी पाळला आहे. (पाळलेला नाही. पुढे वाचा.)

झालं असं, की आमच्या कारखान्याच्या साहेबांनी भर उन्हाळ्यात जंगल पाहायची टूम काढली. या दिवसांत जनावरं पाण्यावर येतात म्हणे. जीप चाकणवरून खेडच्या पुढे भीमाशंकरच्या डोंगराकडे जायची आणि सामान सांभाळायला मी. नोकरी अजून कायम झालेली नाही, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. सुभद्रा माहेरी गेलेली, आणि शेजारच्या सावित्रीबाई येता-जाता कुणाच्याही माठात पेला बुडवतात. एकटी घागर घरात ठेवायचा जीव होईना. शेवटी ती ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली नि जीपमध्ये बसलो. डोंगरापर्यंत अख्ख्या जीपमध्ये गार जागा काय ती माझी मांडी.

गारव्याची साहेबांनी जय्यत तयारी केली होती. पुण्याहून भुशात घालून आणलेला बर्फ चाकण यायच्या आतच संपला आणि ओला भुसा राहिला. बाईसाहेबांनी ऊन लागू नये म्हणून हॅटखाली कांदा ठेवला होता, तो प्रत्येक खड्ड्याला कपाळावर यायचा. मुक्कामाला राहुटीभोवती वाळ्याचे पडदे लावून मी ते शिंपडत बसलो. ओला वास घेत दुपारी खरोखरच जनावरं आली. म्हशी होत्या. त्यांनी दोन पडदे ओढून चघळले. संबंध सफरीत एवढंच श्वापद दिसलं.

तोवर डब्यांतलं पाणी आंघोळीला चालेल इतकं तापलं होतं, आणि साहेबांची नजर घागरीवर गेली. कुणाची म्हणून विचारलं. म्हटलं, वडिलांची. वडील कुठे आहेत? म्हटलं, तृतीयेला येतील. साहेब भले गृहस्थ, वडील माणसाच्या पाण्याला हात कसा लावायचा म्हणून तसेच तापत बसले. आता तृतीयेनंतर त्यांनी वडिलांची गाठ घालून दे म्हटलं तर काय करायचं? पण आत्याबाई, घागर मी सोडली नाही.

(सुटली, उद्धवराव. म्हशी हुडकत मुरारी नावाचा म्हातारा गुराखी उन्हातून आला. पाय अनवाणी, ओठ फुटलेले. विचारणं नाही, पुसणं नाही. सरळ माझ्या मांडीवरची घागर उचलून तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मी अहो म्हणेपर्यंत बाहीने तोंड पुसून म्हणाला, "आतडं निवलं लेकरा. लई गार हाय." ते बघून साहेबांचाही धीर सुटला. उरलेली साहेब, बाईसाहेब आणि ड्रायव्हर यांनी संपवली.)

एकंदरीत घागर जशी नेली तशी परत आणली, टवकासुद्धा उडालेला नाही. कळावे, लोभ आहेच.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. सणाला येताना उद्धवरावांना बरोबर आणावे, फार दिवसांत भेट नाही. (उद्धवराव, त्याच कुंभाराकडून त्याच मापाची कोरी घागर पोत्यात घालून आणा. चिंचवड स्टेशनावर मी गुपचूप उतरवून घेईन. आत्याबाईंना कळलं तर माझी धडगत नाही. पण खरी भीती ती नाही. माझ्यामुळे दादा तहानलेले परत गेले, तर मला पुन्हा कधी पाणी गोड लागायचं नाही.)

पुन्हा ता. क. पत्र चिकटवताना आठवलं, की उद्धवराव वाचायला बसले म्हणजे कंस, पत्ता, तिकिटावरचा शिक्का सगळं एका दमात मोठ्याने वाचतात. तेव्हा आत्याबाई, तुम्ही ऐकलंच आहे. नवी घागर तुम्हीच आणा आणि काय बोलायचं ते मला बोला. पण उन्हातून यायचं, न विचारता कोरी घागर तोंडाला लावायची, बाहीने तोंड पुसायचं आणि आतडं निवलं म्हणायचं, हे तुम्ही दरसाल कुणाला करताना पाहिलं? तृतीयेपर्यंत थांबायला दादांना कधी जमलं होतं?