दुखणं उतरतं कुठं

३ तारीख, सोमवार

आणि मी म्हणतो, दरवेळी चूक माझीच कशी? दादाला बोलायला काय जातं! म्हणे तुझ्या पायाला भिंगरी, बेकरी सोडलीस, गोदाम सोडलंस, आता हेही सोडशील. अरे, त्या भट्टीपुढं तू एक दिवस उभा राहून बघ, मग बोल. पण हे फोनवर सांगायला गेलं की तोच फोन ठेवतो. म्हणून ही वही घेतली. वही उलटून बोलत नाही.

तर लिहून ठेवतो, की मी आज पोचलो आणि जागा झकास आहे. फिजिओथेरपीचं केंद्र. खाली लांबलचक हॉल, मोठ्या खिडक्या, फरशी इतकी चकचकीत की आपलंच तोंड दिसतं आणि लाज वाटते. भिंतीला कप्प्या आणि दोऱ्या, मधे धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी, तिच्यात शेकायच्या पिशव्या. एक लाकडी जिना आहे, चार पायऱ्या वर आणि चार खाली, कुठंच जात नाही. मला तो फार आवडला. माझ्यासारखाच.

माझं काम हेल्परचं. पेशंटला उठवायचं, धरायचं, चोळायचं, दाबायचं. मॅडम काचेच्या केबिनमधून बघतात. स्वतः कुणाला हात लावत नाहीत, कुठं दाबायचं ते पेनानं दाखवतात. त्यांनी सांगितलं, इथं आठवडा दाबून चार दिवसांत बसवलाय. रोज दहा तास, मग शुक्र-शनि-रवि सुट्टी आणि पगार पुरा. सुट्टीच्या दिवसांत दुसरी टोळी येते. मी म्हटलं, मॅडम, पेशंट दाबता ते ठीक, आठवडाही सोडला नाही? त्या हसल्या नाहीत.

दोन नियम सांगितले. सुट्टीत खोलीवर पडून राहायचं. आणि सुट्टीत कुणाचं अंग चेपायचं नाही, आपलं चेपून घ्यायचं नाही. मी कोण राजा लागून गेलोय! पण मान हलवली. खोली वरच्या मजल्यावर, माझ्याबरोबर लंबू म्हणून एक जुना हेल्पर. दारात वाकून शिरतो आणि तरी डोकं आपटतोच.

६ तारीख, गुरुवार

पहिला आठवडा पार. माझ्याकडं ड्रायव्हरकाका दिलेत. जन्मभर बस चालवली, आता डावा खांदा असा जखडलाय की हात कानाशी जात नाही. मी हात वर न्यायला लागलो की ओरडतात, हळू, गाडी घाटात आहे! लंबूकडं शिवणबाई आहेत, मशीनवर वाकून वाकून पाठ धरलेल्या.

आज काकांचा हात कानापर्यंत गेला. खूश होऊन म्हणाले, उतरलं रे पोरा दुखणं. फरशी पुसणाऱ्या मावशी तिथंच होत्या. म्हणाल्या, उतरलं म्हणजे कुठंतरी उतरलंच असणार, एका घरातून निघालेला पाहुणा दुसऱ्या घरी उतरतो, हवेत थोडाच राहतो. सगळे हसले. लंबू तेवढा हसला नाही.

८ तारीख, शनिवार

शर्ट धुतला आणि दोरीवर टाकायला गेलो तर डावा हात वरच जाईना. कानाच्या खालीच अडला. कामाची सवय नाही, म्हणून असेल. दुसरं एक मात्र विचित्र. दुपारी पडलो होतो तर माझा डावा पाय आपोआप गादी दाबत होता. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. आणि डावा हात मांडीजवळ काहीतरी मागं-पुढं ओढत होता.

मी आयुष्यात सायकलीच्या पुढं काही चालवलेलं नाही.

लंबू भिंतीकडं तोंड करून पडलाय, कोयत्यासारखा वाकडा. जेवायचं विचारलं तर नको म्हणाला.

१० तारीख, सोमवार

काल संध्याकाळी सगळं आपोआप गेलं. हात वर, पाय शांत. लंबूही सरळ झाला आणि दारावर डोकं आपटून घेतलं, म्हणजे तब्येत छान.

त्याला विचारलं. तो म्हणाला, इथं हे असंच. पेशंटचं शुक्रवारी आपल्यात उतरतं, रविवारी संध्याकाळी निघून जातं. पूर्वी पाच दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी होती, ती पुरायची नाही, पोरं आडवी व्हायची. म्हणून मॅडमनी आठवडा दाबला. मला वाटलं नव्या माणसाची फिरकी घेतोय. मग तो म्हणाला, शनिवारी क्लच दाबत होतास ना? मला हसू आलं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. आईचा गुडघा पार गेला. भिंत धरून मोरीपर्यंत जाते. म्हणाला, तुला काय त्याचं.

१५ तारीख, शनिवार

काका परत उतरलेत. निदान आता माहीत तरी आहे कोण आहे ते.

लंबूचे हाल बघवेनात. शिवणबाईंचं पुरं दुखणं त्याच्या पाठीत. उशी दातात धरून कण्हत होता. दिवसभर परक्यांच्या पाठी दाबायच्या आणि आपला माणूस शेजारी तळमळताना बघत बसायचं? नियम गेला खड्ड्यात. बसलो आणि चांगली पाठ चेपून दिली. तो नको नको म्हणत होता. मग गप्प झाला. मग झोपला.

१६ तारीख, रविवार

लंबू सकाळी शीळ घालत उठला. माझ्याकडं बघितलं आणि शीळ थांबली.

मला उठता येत नाही. पाठ वाकडी ती वाकडीच. उजवा पाय टाच-चवडा, टाच-चवडा करतोय, शिवणयंत्राची पायपट्टी हलवावी तसा. डावा पाय क्लच दाबतोय. एका अंगात दोघं राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. लंबू रडला. म्हणाला, जो चेपतो त्याच्यात उतरतं, हे तुला नीट सांगायला हवं होतं.

उशिरा सुटका झाली, मध्यरात्रीनंतर. दोन पाहुण्यांना निघायला वेळ लागतो.

१७ तारीख, सोमवार

दादाचा फोन. डॉक्टरनं सांगितलंय, महिन्याभरात गुडघा बदला नाहीतर आई अंथरुणाला खिळेल. त्यानं घरातलं सगळं गोळा केलं, तरी चाळीस हजार कमी पडतात. तुझ्याकडून काही होईल ही आशा नाही, म्हणाला, फक्त कानावर घालतो. असा कानावर घालतो की कान फाटावा.

आणि आजच मॅडमनी नवीन सांगितलं. आठवडा आता लवचीक. ज्याला नको त्यानं सुट्टी विकावी, त्या दिवसांचे दुप्पट. लंबूनं मान खाली घातली. मावशी पोतेरं पिळत हळूच म्हणाल्या, नको रे बाळा.

मी हात वर केला. डावाच केला, जात होता तोवर.

२१ तारीख, शुक्रवार

सुट्टीचा पहिला दिवस विकला. उभं राहून काम केलं की कमी जाणवतं. काका उतरलेत ते खांद्यात, पण कामात चालून जातं.

दुसऱ्या टोळीकडचे एक पेशंट, शाळेतले मास्तर, माझ्याकडं दिले. उजव्या हाताची बोटं आखडलेली, खडू धरल्यासारखी मिटलेली. तासभर एकेक बोट उघडत बसलो. शेवटी त्यांनी माझं बोट धरलं आणि लहान मुलासारखे हसले.

२३ तारीख, रविवार

संध्याकाळ झाली. कुणी गेलं नाही.

काका आहेत. मास्तरही आले. मागचं पान उघडून बघितलं आणि आज लिहितोय ते हे पान बघितलं. हे अक्षर माझं नाही. मी सातवी नापास, माझं अक्षर म्हणजे पाय मोडलेली मुंगी. हे वळणदार आहे, शिरोरेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी. छान दिसतं. शांत बसा.

ते शेवटचं मी लिहिलं नाही.

२५ तारीख, मंगळवार

शिवणबाईही माझ्याकडं दिल्या. लंबूनं नको म्हटलं होतं. मॅडमनी पेनानं माझ्याकडं दाखवलं, बस.

हॉलच्या टोकाला एक खोली आहे, नेहमी बंद असते. मावशी तिथं ताट घेऊन जातात. आज दार उघडं राहिलं. आत एक बाई. म्हातारी नाही, असेल माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. मान, पाठ, हात, सगळं वेगवेगळ्या दिशांना आखडलेलं. बोटं एकसारखी हलत होती. एक हात पीठ मळत होता, दुसरा काहीतरी मोजत होता. पाय पळत होते, जागच्या जागी.

मावशींना विचारलं, ही कोण पेशंट? त्या म्हणाल्या, पेशंट नाही. आधीच्या हेल्परची मोठी बहीण. त्यानंही सुट्ट्या विकल्या होत्या, पार आडवा पडला होता. ती भेटायला आली. भावाचं हे असं बघितलं आणि दोन दिवस त्याचे पाय चेपत बसली. चेपायचं नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो उठला, चालत फाटकाबाहेर गेला. परत आला नाही.

ती अजून आतच आहे.

२६ तारीख, बुधवार

लंबू म्हणतो थांब. आता थांबलास आणि महिनाभर पडून राहिलास तर जातील सगळे. पण महिनाभर पगार नाही. आणि आईचा महिना तिकडं संपत चाललाय.

उद्या ठरवतो. मान डावीकडं वळत नाही.

२७ तारीख, गुरुवार

दादा आईला घेऊन इकडंच येतोय.

त्यानं केंद्रात फोन केला. मॅडम म्हणाल्या, कामगारांच्या घरच्यांना निम्म्यात उपचार. ऑपरेशनची गरजही लागणार नाही. दादा हसत होता, किती दिवसांनी माझ्याशी हसला. म्हणाला, शेवटी उपयोगी पडलास की रे. रविवारची तिकिटं काढतोय.

गुडघा माझ्यात उतरेल, उतरू दे. आईचाच आहे, परक्याचा नाही. भीती त्याची नाही.

आई येईल. मला बघेल, असा. काही विचारणार नाही. खाली बसेल, दुखऱ्या गुडघ्यावर बसेल, माझा पाय मांडीवर घेईल आणि—

लहानपणी ताप आला की चेपायची तसं—

२७ तारीख, रात्री

दादाला फोन केला. येऊ नका म्हणालो. का? काय सांगू, कोण ऐकेल. तो चिडला. म्हणाला, आई ओझं वाटते का तुला. मी हो म्हणालो.

हो म्हणालो. तरी म्हणतो येणारच. पैसे नसले की माणूस कुठंही येतो. पैसे असते तर तिकडंच ऑपरेशन—

२८ तारीख, शुक्रवार

झोपेत स्वप्न पडलं नाही, जागाच होतो. आई पाय चेपत होती असं वाटलं. इतकं बरं वाटलं. काका गेले, मास्तर गेले, शिवणबाई गेल्या. मी उठलो, जिना उतरलो, फाटकाबाहेर—

मागं वळून बघितलं नाही.

मला आईची भीती नाही. माझी आहे. ती म्हणेल दे पाय. आणि मी देईन. नाही म्हणायला तोंड उघडणार नाही माझं, मला माहीत आहे. तो पळून गेलेला भाऊ काही वाईट नसेल. त्याचंही दुखत असेल, एवढंच—

ती येताच कामा नये.

२८ तारीख, दुपार

मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. लंबूनं धरून नेलं. पुढच्या सगळ्या सुट्ट्या विकतो म्हणालो. सगळ्या. पैसे आज द्या.

त्यांनी पेनानं हिशेब केला. मी म्हटलं, हात चालेनासे झाले तर? म्हणाल्या, हात चालायची गरज नाही. पेशंट जवळ आणून बसवू, तुझा हात त्यांच्यावर ठेवू.

पैसे दिले. नोटा गरम होत्या का माझीच बोटं—

२९ तारीख, शनिवार

डाव्या हातानं लिहितोय. मास्तरांनी उजवा मिटून घेतला. पाय दोन्ही चालू आहेत, एक गाडी, एक मशीन. थांबत नाहीत.

लंबू मला खाली न्यायला येईल. शेवटच्या खोलीत दुसरी खाट टाकलीय. ती बाई काल माझ्याकडं बघत होती. नुसते डोळे.

लंबूनं दादाला फोन केला. मी सांगितलं तसं बोलला. तुमचा भाऊ काम सोडून गेला, म्हणाला. कुठं, माहीत नाही. इथं येऊन उपयोग नाही. दादानं शिव्या दिल्या म्हणे. बऱ्याच. मग विचारलं, बरा होता का?

लंबू म्हणाला, धडधाकट होता.

दादानं तिकिटं काढली नाहीत. अजून काढली नाहीत. आज पैसे पोचले तर काढणारही नाही—

शांत बसा. मास्तर, थांबा जरा. एवढी ओळ—

पैसे लंबूच्या खिशात ठेवलेत, तो आजच पाठवेल. मोजून. दादा, ऑपरेशन तिकडंच कर. आईला उठवू नको, हलवू नको, इकडं आणू— पाठवतोय ते पुरतील. चाळीस हजार सहाशे—