पाणबुडीतली ठकठक

केडगाव, मंगळवार, संध्याकाळ

जुन्या युद्धात बुडालेल्या पाणबुडीतले खलाशी आतून कितीतरी दिवस ठोकत राहिले, ही गोष्ट परवा शेवंती ओवताना मी शेजारच्या रेहानाकाकूंना खरी म्हणून सांगितली. का सांगितली? त्यांचा समीर पाणबुडीवर नोकरीला आहे, हे ठाऊक असून! तेव्हापासून भांडं वाजलं तरी त्या दचकतात.

नक्की माहीत नसेल तर तसं आधी म्हणावं, हे बाबांनी मला शाळेआधी शिकवलेलं. म्हणून आज गेले. "काकू, त्या ठोकण्याला पुरावा नाही. मागाहून कुणीतरी रचलं असेल."

त्यांच्या सुईतून दोरा निसटला. "म्हंजी ठोकायलाबी कुणी उरलं नव्हतं व्हय गं?"

तेही कुणाला माहीत नाही, एवढं तरी म्हणायचं होतं. मी नुसता दोरा ओवून दिला आणि घरी आले.