माणसाच्या चालीने

बेलमलेट, ९ एप्रिल १९९१

ती. डिम्फनाताईस, मॅलकीचा सा. न. वि. वि.

काल डॉक्टर बाबांना तपासून गेले. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, बहिणीला बोलावून घे, पण घाबरवू नकोस. तेव्हा घाबरू नकोस. बाबांना स्वतःची काळजी नाहीच, आहे ती गाडीची. शहरातून मागवलेल्या काळ्या गाडीतून मी जाणार नाही, तुझ्या आईला ज्यातून नेलं त्यातूनच मला न्या, असं त्यांनी फादर क्विल्टींनाही बजावलंय.

अडचण अशी की आपली म्हातारी शववाहिका माणसाच्या चालीने चालवली की तापते. रविवारी रिकामीच नेऊन पाहिली. चर्चचा चढ लागायच्या आत काटा लाल खुणेवर आणि बॉनेटमधून वाफ! रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पाइप बदलले, पुन्हा तेच. ताई, आत शवपेटी आणि मागे अख्खा गाव रस्त्यात खोळंबलेला, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा रोज विचारतात, झाली का रे? मी हो म्हणतो.

माया असू दे. रागवायचं ते इथे येऊन रागव.

तुझा मॅलकी


कॉर्क, १३ एप्रिल

चि. मॅलकी, अनेक आशीर्वाद.

पत्र बसमध्ये वाचलं आणि उतरायचा थांबा मागे गेला. रजा शुक्रवारपासून आहे. तोवर बाबांना सूप पाज, तुझा तो लगदा झालेला कोबी नको.

गाडीतलं मला काय कळणार! पण वॉर्डात आम्ही ताप किती एवढंच विचारत नाही, कधी चढतो तेही विचारतो. बॅलिनाला भरधाव जाताना तापते का ती? नसेल, तर पाणी नीट फिरत असावं. वेगात वारा आपसूक मिळतो; हळू जाताना तो पंख्यानेच ओढायचा. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढून कागद लावून बघ. चिकटला पाहिजे. पंख्याजवळ हात नेऊ नकोस हो, घरात एक आजारी पुरे.

आणि बाबांशी खोटं बोलू नकोस. तुझे कान लाल होतात. मला आता फोनची घंटा वाजली तरी धस्स होतं. जपा दोघेही.

तुझी ताई


बेलमलेट, १७ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भरधाव जाताना नाही तापत. आणि कागद खाली पडला! पट्टा घट्ट, पंखा जोरात फिरतोय, तरी ओढ नाही. शेवटी बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, गाढवा, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कुठाय? मागे कधीतरी रेडिएटर बदलताना कुठल्या तरी गॅरेजवाल्याने ते काढलं, परत बसवलंच नाही. पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत होता. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून नवं कडं केलं. कागद असा चिकटला की ओढून काढावा लागला.

वजनासाठी मागे बटाट्याची पोती टाकणार होतो. बाबा म्हणाले, बटाटे कशाला, मी आहे ना! पायजम्यावर कोट चढवून पुढे बसले. शेजारच्या ब्रायडीने विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, माझ्या अंत्ययात्रेला, येतेस? ती ॲप्रनसकट मागे चालू लागली. मग एकेक करत गल्लीच आली, कुणी हसतंय, कुणी डोळे पुसतंय. फादर धावत चर्चच्या फाटकाशी आले, तर बाबांनी काच खाली करून सांगितलं, घाई करू नका, ही नुसती तालीम आहे. मग आरशात मागची माणसं बघत राहिले. म्हणाले, नाहीतर कोण आलं होतं ते मला कधी कळलं असतं?

परतताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. काट्याकडे बघू की त्यांच्या छातीकडे, मला कळेना. घरापर्यंत आळीपाळीने दोन्हीकडे बघत आलो. काटा लाल खुणेखालीच होता आणि श्वास चालू होता.

ते तुझी वाट बघताहेत. लवकर निघ.

तुझा मॅलकी